साठच्या कॅसेटवरची मतं

आमच्या घरी पापड व्हायचे आणि पापडाच्या खोलीत हेवी मेटल वाजायचं. यात कुणाला नवल वाटलं तर वाटो. पेणला पापड घरोघर लाटतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आणि डबल डेक टेप माझा होता, तेव्हा त्यावर काय लावायचं ते मीच ठरवायची. आईची अट एकच होती, पीठ कुटून होईपर्यंत टेपवरचा कपडा काढायचा नाही. पीठ बटणांत गेलं की टेप बिघडायचा आणि मग माझ्याशी बोलायची कुणाची छाती व्हायची नाही.

लाटायला दोघी बायका यायच्या. त्यातली मोठी खाडीकडच्या गावातली, घरची माणसं मिठागरावर. तिला आम्ही मावशी म्हणायचो. पहिल्यांदा मी असली कॅसेट लावली तेव्हा तिने लाटणं थांबवून विचारलं, "ह्या बाप्याला कोन मारतंय काय गो?" मी म्हटलं, मारत नाही, तो गातोय. "मंग जेवला नसल," म्हणाली आणि पुढची लाटी घेतली. नंतर तिचीही आवडनिवड तयार झाली. वेगाचं काही असलं की खूश, कारण हात चालायचे. संथ, जड काही लावलं की म्हणायची, "ह्यो नको, ह्याच्यावर पापड जाडा व्हतो." नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमचे आवडते बँड एकामागून एक संथ व्हायला लागले, त्यामुळे मावशीची तक्रार वाढत गेली आणि मला ती मनातून पटायची.

हे वेड मला दिलं दादाने. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तो आणि आत्या दोघंच, रोह्याचा पूल ओलांडून अष्टमी गावात राहायची. आयटीआयसाठी तो मुंबईला होता तेव्हा खोलीतल्या कुणाकडून त्याला ही लागण झाली, आणि परत येताना त्याने एक कॅसेट आणली. ती त्याने आमच्याकडे, पापडाच्या खोलीत, मला पहिल्यांदा ऐकवली. तिचं पहिलं गाणं नुसत्या झांजेवर सुरू होतं. ड्रमवरच्या पितळी थाळ्यांना आम्ही झांजाच म्हणायचो, दुसरा शब्द कशाला हवा. तर ती झांज अगदी बारीक, दुसऱ्या आळीत कुणी वाजवत असावं तशी यायची, बराच वेळ नुसती तीच, आणि मग गिटार एकदम अंगावर यायचं. दादाने बोट वर धरलं होतं. "थांब, थांब, थांब," म्हणत होता, आणि गिटार आलं तसं बोट खाली. माझ्या अंगावर काटा आला होता. त्या दिवसापासून मी कामातून गेले, असं आई म्हणते.

पुढे दादा रोह्याजवळच्या धाटावला एका केमिकल कंपनीत लागला, कंत्राटावर. कंप्रेसर हाऊसमध्ये ऑपरेटर. शिफ्ट असल्याने पेणला येणं कमी झालं, पण कॅसेटी थांबल्या नाहीत. आमचे पापड रोह्याच्या एका दुकानात जायचे, एसटीने, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती. त्या गठ्ठ्यात मी कॅसेट घालायची आणि दादा दुकानातून ती उचलायचा. विकत कुणीही घेतली तरी मूळ कॅसेट माझ्याकडे राहायची, कारण डबल डेक माझ्याकडे. मी साठच्या कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून त्याला पाठवायची. अल्बम सहसा साठ मिनिटांचा नसतो. शेवटी थोडी टेप उरते. ती वाया कशाला घालवा म्हणून मी तिथे माईक लावून माझं मत बोलायची. दादा ते ऐकून, तेच पुसून, त्यावर स्वतःचं मत भरून कॅसेट परत पाठवायचा. मग मी त्याचं पुसून माझं उत्तर. भांडण मिटेपर्यंत कॅसेट पेण-रोहा करत राहायची, आणि तिला हिंगाचा असा वास लागायचा की टेपच्या दारातूनही तो यायला लागला.

आमची मतं म्हणजे काय, ज्याच्या त्याच्या तोंडाला येईल ते. मी म्हणायची, या नव्या अल्बममध्ये ड्रम असा वाजतोय की कुणी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसलंय. तो म्हणायचा, डबा तर डबा, पण हात बघ कसा चालतोय. एका बँडने मध्येच एक हळुवार प्रेमगीत घातलं, तेव्हा मी दादाला सांगितलं की यांना आता लग्नाच्या हॉलची कंत्राटं हवी आहेत. दादाला ते गाणं आवडलं होतं. तो इतका चिडला की अख्खी उरलेली टेप त्याने मला शिव्या घालण्यात संपवली आणि शेवटी वाक्य अर्धवट राहिलं. बेसचं, म्हणजे खालच्या जड गिटारचं, त्याला फार. बेस नीट ऐकू आला नाही तर तो अल्बम त्याच्या लेखी रद्द. मला मात्र झांजा लागायच्या. गाण्याच्या वरच्या अंगाला काहीतरी चकाकत राहिलं पाहिजे असं मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

मग दादाची मतं बिघडायला लागली. दुसरा शब्द नाही.

आधी त्याची तक्रार आली की तू उतरवलेल्या कॅसेटी दबलेल्या येतात, हेड साफ कर. मी स्पिरिट लावून कापसाने हेड पुसलं. पुढच्या कॅसेटवर पुन्हा तेच, "आवाज घोंगडीखालून येतोय गो." मी कोऱ्या कॅसेटची कंपनी बदलली. तरी तेच. शेवटी टेप उचलून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने हेडचा स्क्रू इकडेतिकडे फिरवून बघितला, पुन्हा होता तिथे आणून ठेवला आणि म्हणाला, "ताई, याला काय झालेलं नाय, तुम्ही उगाच माझं डोकं खाता." माझा असा संताप झाला. दुरुस्तीवाल्यावर नाही, दादावर. मी नियम मोडून मूळ कॅसेटच त्याला पाठवली. घे, ऐक म्हटलं, आता कुणाच्या नावाने बोंबलतोस ते बघते.

मूळ कॅसेटवर मत भरता येत नाही, म्हणून त्याने दुसऱ्या एका कॅसेटवर ते भरलं आणि मूळ कॅसेटबरोबर परत पाठवलं. मत असं होतं की दोष तुझ्या डेकचा नाही, बँडचाच आहे. हल्लीच्या ड्रमरांनी झांज वाजवणं सोडलंय, सगळा जोर खाली. गाणारेही तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. संगीत मेलं, असं तो म्हणाला. हे ऐकून मी त्या अल्बमच्या झांजा पुन्हा ऐकल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता झांजांचा पाऊस होता. मी त्याला उत्तर पाठवलं, की तुझा कान आहे की भांडं ठेवायची चुंबळ आहे, आणि एकेक गाणं घेऊन झांज कुठे कशी आहे ते सांगितलं. यावर त्याने उत्तर दिलं ते भलत्याच गोष्टीवर, मी विचारलेल्या एकाही मुद्द्यावर नाही. मला वाटलं, माझं बोलणं तो ऐकतच नाही. कंपनीत लागला, पगार आला, आता मामाच्या पोरीच्या मताला कोण विचारतो. मला ते फार लागलं. मी बरेच दिवस काही पाठवलंच नाही.

त्याच सुमारास सुट्टीच्या दिवशी तो आणि आत्या आमच्याकडे जेवायला आली. आईने नवीन घाण्यातले पापड भाजले, दादाला आवडतात म्हणून मुद्दाम त्याच्या समोर, गरमगरम. आम्ही सगळे जेवत होतो. माझ्या पानातला पापड मी मोडला, आत्याने तिचा मोडला. दादाने त्याच्या पापडाचा तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि सहज म्हणाला, "मामी, पापड सादळलेत काय?"

पेणच्या पापडवालीच्या घरात बसून हे बोलणं म्हणजे काय, ते पेणच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आईचा चेहरा पडला. तिने त्याच्या ताटातला पापड उचलला, बोटाने मोडला. कटकन आवाज आला, मला पलीकडच्या बाजूला ऐकू आला. आईने त्याच्याकडे बघितलं. तो आमटीभात कालवत होता. "नाय, म्हणजे चव चांगली हाय," म्हणाला. "फक्त मऊ वाटतोय."

आई बिचारी जेवण झाल्याझाल्या गच्चीवर गेली आणि सगळा घाणा पुन्हा उन्हात पसरायला लागली. खडखडीत वाळलेले पापड. मी तिला मदत करायला गेले नाही. मी पानावर बसून होते आणि माझा हात सुकत होता. पापड सादळला नव्हता, हे मला माहीत होतं. हेड खराब नव्हतं, स्क्रू ढिला नव्हता, कोऱ्या कॅसेटी चांगल्या होत्या, आणि त्या मेल्या ड्रमरने झांज वाजवणं सोडलेलं नव्हतं.

मी दादाला पापडाच्या खोलीत बोलावलं. "बस," म्हटलं, "काहीतरी लावते." त्याची ती पहिली कॅसेट काढली, त्याने मुंबईहून आणलेली. ती घातली, बटण दाबलं आणि त्याच्या समोर बसले. झांज सुरू झाली. बारीक, नेहमीसारखी. दादा पापडाच्या पाटाला टेकून बसला होता, पाय लांब करून. माझ्याकडे बघत होता. झांज वाजत होती. तो म्हणाला, "लाव की."

मी म्हटलं, "चालू आहे."

त्याला वाटलं मी थट्टा करते. हसला. मग त्याने टेपकडे बघितलं. दारातून चाकं फिरताना दिसत होती. तो उठला, गुडघ्यावर बसून स्पीकरला कान लावला, मग दुसरा कान लावला. तेवढ्यात गिटार आलं आणि तो दचकून मागे सरला. गाणं पुढे चालू राहिलं. मी बंद केलं नाही.

तो परत पाटाला टेकला. मग म्हणाला, "यंदा मला कायम करतायत गो. कुणाला सांगू नको."

तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. कंप्रेसरच्या गोंगाटासाठी कंपनीने कानात घालायचे रबरी बोळे दिले होते, ते त्याने खिळ्याला टांगून ठेवले होते. बोळे घातले तर मशीनचा आवाज बदलला ते कळत नाही, म्हणे. कंप्रेसरचा आवाज बदलला की तो बिघडायच्या आत बंद करायचा, हीच त्याची कर्तबगारी. त्यावरच साहेब खूश होते, त्याच जोरावर त्याला कायम करणार होते. आणि आता कान गेला म्हणून सांगितलं तर कंप्रेसर हाऊसमधून काढतील आणि कायमची यादी निघेल तेव्हा याचं नाव नसेल. वर्षानुवर्षं कंत्राटावर काढलेल्या माणसाला कायम होणं म्हणजे काय असतं, ते मी नाकारत नाही. पण मी भडकले. म्हटलं, कायम होशील आणि मग काय ऐकशील? तो म्हणाला, तुला काय कळतंय, तू पापड लाट. मी म्हटलं, पापडानेच तुझं सोंग उघडं पाडलं. तो उठून गेला. आत्याला घेऊन दुपारच्या गाडीने निघाला, आणि आत्याला काय झालंय ते समजेना, ती जाताना माझ्याकडे वळून वळून बघत होती.

मी गप्प राहिले नाही. कुणाला सांगू नको म्हणाला, तरी मी आईला सांगितलं. आईने आत्याला सांगितलं. आणि मग दोघींनी मिळून काय निष्कर्ष काढावा? तुझ्या त्या धांगडधिंग्याने पोराचे कान गेले. आत्या रडली. आईने टेपवर कपडा ओढला आणि म्हणाली, आता बास. मावशी तेवढी माझ्या बाजूने बोलली, "आमी बी ऐकलं की, आमाला काय झालंय?" पण तिचं कोण ऐकणार. मी वरवर भांडत होते, आणि खरं सांगायचं तर आतून घाबरले होते. त्याच्याहून जास्त तर मीच ऐकत होते, पण तो माझ्यामुळे जास्त मोठ्याने ऐकत असेल तर? हा विचार घेऊन मी ते दिवस काढले, आणि पापडाच्या खोलीत नुसता लाटण्यांचा आवाज यायचा.

मग रोह्याहून परत आलेल्या रिकाम्या पिशवीत एक कॅसेट निघाली. साठची, आमचीच. मी ती शेवटाला नेली. दादाचा आवाज. आधी नुसता श्वास. मग म्हणाला, "अल्बम ऐकला. जेवढा ऐकू आला तेवढा. बेस चांगला हाय." मग टेपची खरखर. "अलिबागला कानाचा डॉक्टर हाय म्हणतात. तू चल माझ्याबरोबर. तो काय बोलला ते मला नीट कळायचं नाय."

मी खोलीत एकटीच होते, रडले.

अलिबागला डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि ऐकू आलं की बटण दाब म्हणून सांगितलं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला त्याचा अंगठा पटापट हलत होता. मग डॉक्टर खुंटी फिरवत राहिले आणि अंगठा तसाच राहिला. त्याचं तोंड आमच्याकडे होतं आणि तो वाट बघत होता. डॉक्टर नंतर म्हणाले की वरचे आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. खालचे आहेत, ते टिकवायचे असतील तर त्या मशीनपासून लांब राहा. मी ते सगळं दादाला पुन्हा सांगितलं, तोंडासमोर तोंड आणून. मग मी डॉक्टरांना विचारलं, आम्ही फार मोठ्या आवाजाची गाणी ऐकतो, त्याने झालं का? डॉक्टरांनी विचारलं, टेप दिवसाकाठी किती वेळ चालतो आणि मशीन किती वेळ चालतं? मी म्हटलं, मशीन बंदच होत नाही. "मग?" म्हणाले. घरी येऊन मी आईला हे शब्द न शब्द सांगितले आणि टेपवरचा कपडा काढला.

दादाने कंपनीत स्वतः जाऊन सांगितलं. त्याला पॅकिंगला टाकलं. त्या वर्षी कायमच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. तो दिवस वाईट गेला, मी फोन केला तर आत्याने उचलला आणि म्हणाली, झोपलाय. पुढे पॅकिंगमध्येच तो कायम झाला, पण बऱ्याच उशिराने, आणि त्याच्यानंतर लागलेले त्याच्या पुढे गेले. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र राग यायचा आणि मी तो बोलून दाखवायची.

कॅसेटी पुन्हा सुरू झाल्या. आता कामाची वाटणी होती. खालचं त्याचं, वरचं माझं. मी उरलेल्या टेपवर सांगायची, आवाज जाड करून, सावकाश, की या गाण्यात झांज कुठे येते, किती वेळ राहते, हाताने दाबून बंद केलीय की तशीच विरू दिलीय. तो त्यावर बेसचं आणि ड्रमचं त्याचं मत घालायचा. भांडणंही परत आली, माझ्या आवाजाचा डबा झालाय असंही एकदा म्हणाला. त्या दशकाच्या शेवटी आलेला एक अल्बम मला मुळीच आवडला नव्हता, पण त्यातल्या झांजा इतक्या सुरेख होत्या की दादाला सांगताना मी तो चांगला आहे असंच सांगून बसले.

आणि तो आमच्याकडे जेवायला आला की आई अजून त्याच्यासमोर पापड भाजते. भाजून त्याच्या ताटात ठेवते आणि उभी राहते, तिला राहवत नाही. दादा तुकडा मोडतो आणि तोंडात टाकायच्या आधी माझ्याकडे बघतो. मी मान हलवते. मग तो म्हणतो, "मामी, मस्त कुरकुरीत झालाय."